मनकर्णेचा हातगुण

कुरखेड्याच्या बाजारात मनकर्णा दोन ढेऱ्या मांडून बसायची. डावीकडे मोठी ढेरी, नवऱ्याच्या मळ्यातली: चकचकीत वांगी, एका मापाची भेंडी, कुठे डाग म्हणून नाही. उजवीकडे लहान ढेरी, घरामागच्या तिच्या सांदवाडीतली. तिथली वांगी वाकडीतिकडी, पालकाच्या पानांची अळीनं चाळणी केलेली, एखादा दोडका कमरेत वाकलेला. गिऱ्हाईक टेकायच्या आतच ती सांगून मोकळी व्हायची की ही दवाईची, ही बिनदवाईची, आता तुमचं तुम्ही बघा. फवारणीच्या विषाला तिकडे सगळे दवाईच म्हणतात. हे नाव ज्यानं पाडलं तो मोठा हुशार माणूस असला पाहिजे.

बहुतेक लोक मोठ्या ढेरीकडेच वळत. लहान ढेरीची गिऱ्हाइकं ठरलेली होती. शाळेतले एक-दोन मास्तर, दवाखान्यातली नर्सबाई आणि बाजाराच्या टोकाला शिलाईचं दुकान चालवणाऱ्या शफी टेलरची बायको रशिदा. रशिदा आली की समोर फतकल मारून बसायची, वांग्याचं छिद्र बोटानं चाचपायची आणि म्हणायची, ज्याला किडा तोंड लावत नाही ते मी माझ्या पोरींना कशाला खाऊ घालू. मनकर्णेला हे बोलणं फार आवडायचं. घरी परतताना ती ते मनातल्या मनात दोनदा घोळवायची.

मनकर्णा मरारांची लेक. पिढ्यानपिढ्या भाजीपाला पिकवायचा आणि डोक्यावर पाटी घेऊन विकायचा, हा मरारांचा धंदा. लग्न होऊन ती सती नदीच्या काठच्या पिपरटोल्यात आली तेव्हा सासरी दोन जागा होत्या: नदीकडचा मळा आणि घरामागची सांदवाडी. सासरे नव्हते. सासू रुखमाबाई कडक, पण कामाला वाघीण. नवरा देवराव कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. अशा माणसाला गावात चांगला माणूस म्हणतात, आणि देवरावला सगळं गाव चांगला म्हणायचं.

नव्वदनंतर वडशाचे व्यापारी डागाळलेल्या मालाकडे बघेनासे झाले तसा देवरावनं मळ्यात पंप घेतला आणि दवाई सुरू केली. सांदवाडीत मात्र त्यानं पंप नेला नाही. ते घरचं खाणं होतं. विकायचं ते फवारलेलं आणि खायचं ते बिनफवारलेलं, ही वाटणी त्या भागातल्या घराघरांत आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मनकर्णेला ती गिळवेना. आपण खात नाही ते दुसऱ्याच्या पदरात घालायचं तर निदान सांगून तरी घालावं, असं तिला वाटायचं. म्हणून सांदवाडीतलं उरलेलं ती बाजारात नेऊ लागली आणि दोन ढेऱ्या झाल्या. देवराव म्हणाला, ने. रुखमाबाई म्हणाली, हिला येड लागलं. पण दोघांनी अडवलं नाही, कारण सांदवाडी तिच्या हाताखाली अशी काही फुलली होती की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

तिचा हातगुण होता. हे तिचं स्वतःचं म्हणणं नव्हतं, गावाचं होतं. रोप टाकायचे दिवस आले की टोल्यातल्या बायका ओटीत बी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, मनकर्णाबाई, पहिली मूठ तुमच्या हातानं टाका. मग ती हातपाय धुऊन एकेकीच्या अंगणात जायची. वांग्याचं, टमाटरचं, सांबाराचं बी (कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात) चिमटीनं वाफ्यात सोडायची. तिनं पहिली मूठ टाकलेलं रोप मरत नाही, असा समज झाला होता. खरं म्हणजे ती वाफ्याची माती बघायची, ओल बघायची आणि चुकत असेल तर बाईला तिथंच चार शब्द सुनावायची, त्यात अर्धा हातगुण होता. पण बायकांना तो हातातच दिसायचा. रुखमाबाई तोंडावर कधी कौतुक करायची नाही, मात्र पाहुण्याबाईला सांगताना तिचा आवाज चढायचा की माह्या सुनेचा हात लागला पाह्यजे. मनकर्णा आत चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि सुखावायची. बाईमाणसाला त्या टोल्यात दुसरं काय मिळतं मिरवायला?

सांदवाडीचे काही नेम होते, रुखमाबाईच्या सासूपासूनचे. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही, सडून गळतं. वेलाच्या मांडवाखाली चप्पल घालून जायचं नाही. आणि बाई बाहेरची असली तर तिनं वाडीकडे फिरकायचंही नाही, तिच्या सावलीनं पानं आखडतात. ते चार दिवस मनकर्णा पडवीत बसायची आणि वाडीचं काम रुखमाबाई बघायची. मनकर्णेनं या नेमाबद्दल कधी विचार केला नव्हता. उंबऱ्यावर बसू नये, तसंच हे.

ते साल दोन हजार चार किंवा पाचचं असेल. श्रावण होता. वांगी गुडघ्याच्या वर आलेली, दोडका आणि कारली मांडवावर चढलेली, आणि अळीनं उच्छाद मांडलेला. मनकर्णेनं मडक्यात कडुनिंबाचा पाला, गोमूत्र, लसूण आणि मिरच्या घालून काढा लावला होता. एका संस्थेच्या बाईनं शिबिरात शिकवलेला काढा होता तो, वासानं माणूस पळेल असा. तो नेमका तयार झाला त्या दिवशी रुखमाबाई लेकीकडे गेलेली, देवराव माल घेऊन वडशाला. आणि सकाळी उठल्यावर मनकर्णेला कळलं की आपण बाहेरच्या झालो.

ती पडवीत जाऊन बसली. थोड्या वेळानं उठून कुडावरून वाडीत डोकावली. अळी वांग्याच्या शेंड्यावर चढलेली दिसत होती. काढा आणखी चार दिवस ठेवला असता तर नासला असता, आणि तोवर वांग्याला पान उरलं नसतं. घरात फक्त लेक चंचल, दहा-अकरा वर्षांची. मनकर्णेनं मनाशी म्हटलं, संध्याकाळी कळलं असं समजू. देवाला ठाऊक आणि मला ठाऊक.

मांडव उंच, त्यामुळे काढा मारायला ती दरवर्षी देवरावचाच पंप घ्यायची, पण विहिरीवर नेऊन दोन पाण्यांनी खळखळून धुतल्याशिवाय नाही. त्या दिवशीही तिनं तसाच धुतला. पंप धानवाल्या गुणवंतरावांनी मागून नेला होता, तो आदल्याच दिवशी परत आला होता आणि गोठ्याच्या भिंतीला टांगलेला होता. त्याला दवाईचा उग्र वास होता, पण तसा तो नेहमीच असायचा. तिनं काढा भरला, पंप पाठीवर घेतला आणि सगळी वाडी भिजवून काढली. संध्याकाळी चंचलला सांगितलं की मी बाहेरची झाली, चूल तू पेटव.

पाचव्या दिवशी न्हाऊन ती वाडीत गेली तेव्हा अळी मेली होती. पण वांग्यांचे शेंडे वळले होते. नवीन निघालेली पानं पसरट नव्हतीच. दोरीसारखी अरुंद निघाली होती आणि पिळवटून खाली लोंबत होती. टमाटरची देठं जाड होऊन वाकली होती. दोडक्याचं फूल हात लावताच गळत होतं. एक झाड नाही, दोन नाही, सगळी वाडी. मनकर्णेनं जन्मात अशी रोगराई पाहिली नव्हती. करपा पाहिला होता, मर पाहिली होती, पण इथं कोणीतरी एकेक पान मुठीत धरून पिळलं होतं. मांडवाखाली बसून ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली.

रुखमाबाई परतली ती थेट वाडीत गेली. मग अंगणात येऊन उभी राहिली. देवरावही मागून आला, हातात वांग्याचं एक पान होतं. रुखमाबाईनं विचारलं, "वाडीत कोन गेलं होतं?"

रुखमाबाईनं सुनेकडे पाहिलं. "मनकर्णे, तू तं नाई ना गेलीस तसली?"

मनकर्णेला खोटं बोलता आलं असतं. पण दोन ढेऱ्या मांडून बसणारी बाई ती, तिला ते जमण्यासारखं नव्हतं. "गेली होती मी, आत्या. सकाळीच समजलं होतं मले. काढा नासून जाईन म्हनून गेली," ती म्हणाली आणि रडू लागली. देवराव हातातल्या पानाकडे बघत होता. त्यानं ते पान उलटं करून पाहिलं, मग खाली टाकलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

रुखमाबाईनं शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नारळ फोडला, लिंबू उतरवला आणि पुजाऱ्याला बोलावलं. पुजाऱ्यानं वाडीला फेरी मारली, नदीकडचा मळा पाहिला आणि एक नेमकी गोष्ट दाखवली: मळ्यातली वांगी ठणठणीत होती. देवरावनं त्यांच्यावर त्याच आठवड्यात त्याच पंपानं फवारलं होतं. मळ्यात बाई गेली नव्हती, सांदवाडीत गेली होती. आता आणखी काय सांगायला पाहिजे? या बाईचा हात वाडीला लागू देऊ नका, पुजारी म्हणाला. मळ्याआधी त्याच पंपातून मनकर्णेचा काढा गेला होता आणि त्यानं पंप धुऊन निघाला होता, ही गोष्ट त्याला कुठून माहीत असणार. मनकर्णेलाही माहीत नव्हती. तिनं पुजाऱ्याचं म्हणणं मान खाली घालून ऐकलं आणि ते तिला पटलं. हे सगळ्यात वाईट होतं.

वाडी उपटून जाळली. पुढच्या पिकाला देवराव सांदवाडीतही दवाई मारू लागला, कारण आता तीही त्याच्याकडेच आली होती. मनकर्णेच्या वाट्याला मळ्यातल्या तोडणीच्या पाट्या वाहणं आणि बाजार एवढंच उरलं. बाजारात एकच ढेरी. रशिदा आली, समोर बसली, इकडेतिकडे बघितलं.

"मनकर्णाबाई, आज छोटी ढेरी नाई का?"

"नाई भाभी. आता सारी दवाईचीच."

"काऊन? क्या हुआ?"

मनकर्णेनं वजनकाटा सरळ केला आणि वाडीला रोग आला एवढंच सांगितलं. विटाळाचं सांगायला तिला लाज वाटली. रशिदानं थोडी भेंडी घेतली, घरी गेल्यावर मिठाच्या पाण्यात धुते म्हणाली. मग पुढच्या बाजारी ती आलीच नाही. नर्सबाईही येईनाशी झाली. मनकर्णेला त्यांचा राग आला नाही. आपली ढेरी आपणच मारली, असं ती स्वतःला रोज सांगायची.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. सोमारी म्हणून शेजारीण होती, तिच्या वाफ्यात मनकर्णेनं आखाडात पहिली मूठ टाकली होती. त्या साली पाणी साचून सोमारीचं रोप कुजलं. तिनं आधी स्वतःच्या नवऱ्याला दोष दिला होता, वाफा खोलगट केला म्हणून. वाडीची गोष्ट कळल्यावर तिनं दोष बदलला. मग दुसऱ्या एकीला आठवलं की मनकर्णेनं गेल्या साली आपल्या भोपळ्याकडे बघितलं होतं. भादव्यात हिवाळी रोप टाकायला बायका आल्या, पण त्या रुखमाबाईकडे आल्या. पहिली मूठ रुखमाबाईनं टाकली. मनकर्णा पाणी घेऊन बाहेर आली तर एका बाईनं ओटीतलं बी पदरानं झाकलं. झाकताना ती जरा ओशाळली, पण झाकलं.

त्या भागात अशा गोष्टी कुठवर जातात हे मनकर्णेला माहीत होतं. जंगलापलीकडच्या एका गावात कोणाची गाय मेली, कोणाचं पोर दगावलं, आणि एका म्हातारीला लोकांनी चावडीपुढे बांधून मारलं होतं. तिची झोपडी पेटवून दिली होती. त्या म्हातारीबद्दलही सुरुवातीला फक्त तिच्या नजरेत दोष आहे एवढंच बोलत असत. मनकर्णा आता कोणाच्या अंगणात पाऊल टाकेना. कोणाचं लेकरू जवळ आलं तर हात मागे घेऊन उभी राहायची. चंचल शाळेतून एकदा रडत आली, पण काय झालं ते सांगेना, आणि मनकर्णेनं विचारलंही नाही. या सगळ्या वर्षात देवराव तिच्याशी फार नीट वागला. आवाज चढवला नाही. बाजारातून तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. ती म्हणायची, माझ्या हातून एवढं झालं तरी हा माणूस एक शब्द बोलत नाही, आणि तिचे डोळे भरून यायचे.

पुढच्या वर्षी श्रावणात ती गुणवंतरावांच्या धानात निंदायला गेली. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन महिना झाला होता. बांधावर तूर लावलेली होती आणि तुरीच्या मध्ये दोन-चार वांग्याची झाडं. निंदता निंदता ती बांधाशी आली आणि मान वर केली तर समोर तेच पान. दोरीसारखं, पिळलेलं, खाली लोंबणारं. तुरीचे शेंडेही तसेच वळलेले. मनकर्णा चिखलात उभी राहिली. पहिला विचार तिच्या मनात आला तो असा की मी आज इथं आले म्हणून हे झालं. मग तिला समजलं की ही पानं आजची नाहीत, आठवड्याची असतील, आणि त्या आधी ती या बांधाच्या आसपासही फिरकलेली नव्हती.

गुणवंतराव बांधावर छत्री घेऊन उभे होते. बोलघेवडा माणूस. तिनं धीर करून विचारलं, भाऊ, याले काय झालं?

"अवं, गवत माराची दवाई उडाली त्याच्यावर," ते म्हणाले. "धानाले काई नाई करत, पन भाजीले, तुरीले असं पिळून टाकते. आनि पंपात राह्यली तं साध्या पान्यानं जात नाई ते, सोड्यानं धुवा लागते. मागच्या साली तुमचाच पंप आनला होता ना मी? वापस करतानी देवरावले दोनदा सांगतलं, भाजीवर नेशीन तं धुवून नेजो म्हनून." आणि मग ते पावसाबद्दल बोलू लागले.

मनकर्णेनं बाकीचं निंदण कसं केलं ते तिलाच माहीत. हात चालत होते. डोक्यात ते अंगण होतं, आणि पान उलटं करून बघणारा देवराव.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले, चहा ठेवला आणि देवरावपुढे कप ठेवून विचारलं. रुखमाबाई मळ्यात होती.

"गुणवंतरावनं पंपाचं सांगतलं होतं तुमाले?"

देवरावनं कप उचलला नाही. तो खोटं बोलेल अशी तिला आशा होती, हे नंतर तिला जाणवलं. विसरलो होतो म्हणाला असता तरी तिनं मानलं असतं.

"पान पाह्यलं तवाच समजलं मले," तो म्हणाला.

"मंग काऊन नाई बोलले?"

"तू आधीच कबूल करून बसली होतीस. बुढीलेही पटलं होतं. मी बोललो असतो तं सारे मलेच म्हनले असते का येवढी वाडी मारली यानं." त्यानं कप बाजूला सारला. "आनि तुले कोनी मारलं-झोडलं तं नाई ना. मी तुले एक शब्द तरी बोललो का?"

मनकर्णेला त्या बांगड्या आठवल्या. वर्षभर ती या माणसाच्या गप्प बसण्याला दया समजत होती, आणि त्याच्या उपकाराखाली वाकली होती. "लोकायनं मले पेटवलं असतं तवा बोलले असते का?" तिनं विचारलं. तिनं पुढे एकच मागितलं. जसं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं तसं त्यानंही सगळ्यांसमोर सांगायचं, आईपुढे आणि बायकांपुढे. नाही सांगितलं तर ती चंचलला घेऊन माहेरी जाणार होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून देवरावला कळलं की ही जाईल.

तो भादव्यापर्यंत टाळत राहिला. मग बायका हिवाळी रोपाचं बी घेऊन रुखमाबाईकडे आल्या तेव्हा मनकर्णा दारात येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. देवरावला उठावंच लागलं. त्यानं घसा साफ केला आणि सांगितलं. गवताची दवाई, पंप, गुणवंतरावांचं बोलणं, आपण न धुणं, सगळं. विटाळाचा काही संबंध नव्हता, माझी चूक होती, असंही म्हणाला. खोटं कशाला बोला, माणसानं तेवढं धैर्य केलं.

वर्षभराचं ओझं आता उतरणार, या घटकेला, असं मनकर्णेला वाटलं.

रुखमाबाईनं लेकाकडे मायेनं पाहिलं आणि मान हलवली. "बायकोसाठी केवढं आंगावर घेऊन राह्यला माहं पोरगं," ती म्हणाली.

"असा नवरा भेटाले नशीब लागते वो," सोमारी म्हणाली. "आमचा असता तं कवाच घराबाहीर काढली असती." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तर डोळ्याला पदर लावला. पंप दोन पाण्यांनी धुतल्यावर त्यात काय राहतं, त्याच पंपानं मळा कसा नाही मेला, हे त्यांनी आपापसात बोलून घेतलं आणि प्रश्न मिटवला. मनकर्णेनं गुणवंतरावांना विचारा म्हटलं. कोणी विचारायला गेलं नाही. बाप्यामाणसांचं संगनमत असतं, सोमारी म्हणाली, आणि हसली. मग त्यांनी ओटीतलं बी रुखमाबाईपुढे धरलं.

देवरावनं त्यांचं म्हणणं खोडलं नाही. एकदा सांगून झालं होतं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. गावात त्याचं नाव आणखी चांगलं झालं आणि बायका आपल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देऊ लागल्या. मनकर्णेला वाटलं, याच्या खोटेपणानं मी वर्षभर मेले, आणि याच्या खरेपणानं आता जन्मभर मरणार. कारण आता उरलं काय होतं सांगायला?

माहेरी ती गेली नाही. त्यानं शब्द पाळला होता, जायला कारण उरलं नव्हतं. देवरावनं भरपाई म्हणून सांदवाडी तिला परत दिली, आणि रुखमाबाईही गप्प राहिली. थकली होती ती आता, वाकून काम होत नव्हतं. मनकर्णेनं जमीन खणली, शेणखत घातलं, वाफे केले. माती हातात घेतली की तिला बरं वाटायचं. वांग्याचं घरचं बी तिनं मागच्या सालापूर्वीचं जपून ठेवलं होतं, ते काढलं. हिवाळ्यात पुन्हा लहान ढेरी लावीन, रशिदाभाभीला निरोप धाडीन, असं तिनं ठरवलं.

सकाळी ती वाफ्यापाशी बी घेऊन उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं. पान कशानं पिळलं ते माहीत होतं, कोणाच्या चुकीनं ते माहीत होतं. आणि तरी मूठ उघडण्याआधी तिनं बोटांवर दिवस मोजले, आपण कधी न्हालो ते. मोजून झाल्यावर तिला स्वतःचा संताप आला. पण हात पुढे होईना. पुन्हा मोजले, बरोबर होते. तरी हात पुढे होईना.

मग तिनं चंचलला हाक मारली. पोर आता अकरा-बारा वर्षांची झाली होती. गेल्याच उन्हाळ्यात शहाणी झाली होती, चार दिवस पडवीत बसू लागली होती. मनकर्णेच्या मनात आलं, माझा हात गेला तर जाऊ दे, पोरीचा हात चांगला निघेल. तिच्या मुठीनं सुरुवात करावी. तिनं बी पुढे धरलं आणि म्हणाली, "पहिली मूठ तू टाक."

चंचल कुडापाशीच थांबली. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी बाहेरची आहो, आई," ती म्हणाली.

ती बाहेरची नव्हती. तिचे दिवस मनकर्णेला स्वतःच्या दिवसांसारखे पाठ होते. पोरगी मान वर करत नव्हती, आणि मागे नेलेले हात आणखी घट्ट धरत होती. बी घेतलेला हात मनकर्णेनं खाली केला आणि तिला म्हणाली, बरं, जा मग पडवीत जाऊन बस.